बबनराव आणि त्यांचा 'स्टार्ट'

मंचरच्या बाजारपेठेमागच्या बोळात बबनराव विहिरीवरच्या मोटरींचे स्टार्टर, म्हणजे मोटर चालू करायच्या पेट्या, दुरुस्त करतात. जळून कोळसा झालेली पेटीही दोन दिवसांत ठणठणीत करून देतील, पण दुरुस्त पेटीचं हिरवं बटण स्वतः कधीच दाबणार नाहीत. ते गिऱ्हाइकानं दाबायचं. गिऱ्हाईक नसलं तर समोरचा चहावाला येतो. एकदा मलाच हाक मारली. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, विजेला जन्मभर भिऊन वागलेला. बटण दाबलं, पेटीत 'खट्' झालं आणि मी जागच्या जागी उडालो.

"सर, तुमी आत्ता उडाला, ह्याला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

"गंमत बघा," मी म्हणालो, "दचकण्यालाही स्टार्टच म्हणतात."

बबनरावांनी लगेच खिशातली डायरी काढून ते टिपलं. तिथून माझ्या मागे लचांड लागलं. रोज संध्याकाळी एक नवा 'स्टार्ट' घेऊन स्वारी हजर. 'पुण्याला स्टार्ट झालो' म्हणजे निघालो. शर्यतीतला स्टार्ट वेगळा. मेव्हण्याच्या घरच्या साखरपुड्याला वेटरनं "स्टार्टर कोणता?" विचारलं, तर हे म्हणाले, "थ्री फेज." वेटरही पक्का. त्यानं विचारलं, "व्हेज का नॉनव्हेज?" तेही डायरीत गेलं.

"बबनराव, एवढ्या अर्थांचं लोणचं घालायचंय का?" एकदा वैतागून मी विचारलं.

"दादाला वाचून दावायचंय," ते म्हणाले.

दादा म्हणजे गावी, डिंगोऱ्याला राहणारे त्यांचे थोरले बंधू. नऊ वर्षांपूर्वी ते विहिरीच्या काठी मोटर खोलून बसले होते आणि बबनराव लांब शेडात पेटीपाशी उभे होते.

"दादा वरडला, 'स्टार्ट करू नको.' वारं लई व्हतं, सर. मला 'स्टार्ट कर' एवढंच आलं. आपल्यात 'नको' शेवटाला येतो ना."

दादांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ते बबनरावांना त्यावरून अवाक्षरानंही बोलले नाहीत. "शिव्या दिल्या असत्या तर गेलो असतो घरी," बबनराव म्हणाले. तेव्हापासून त्यांनी डिंगोऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. आता दोष शब्दाचा आहे, असं कुठल्या तरी अर्थातून निघेल आणि दादांपुढे उभं राहता येईल, अशी त्यांची आशा.

असा अर्थ कुठल्याच डिक्शनरीत नसतो, हे मास्तर म्हणून मी सांगायला हवं होतं. पण माझा धीर झाला नाही. उलट त्यांच्यासोबत डिंगोऱ्याला गेलो.

दादा ओसरीवर टोमॅटो निवडत बसले होते. बबनरावांनी नमस्कारही न करता डायरी उघडली आणि घडाघडा वाचायला लागले. दचकणं, निघणं, शर्यत, नॉनव्हेज, सगळं. दादांनी हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

"झालं?" त्यांनी विचारलं. "मग ऐक. मी 'नको' म्हणलोच नव्हतो. 'स्टार्ट कर' असंच म्हणलो व्हतो. चूक माझी हाय."

ते खोटं बोलत होते, हे मलासुद्धा कळलं. बबनरावांनी डायरी मिटली.

"दादा, 'नको' मी ऐकला व्हता. बटण दाबता दाबता ऐकला. पर बोट न्हाई थांबलं."

हे त्यांनी मलाही सांगितलं नव्हतं. मला फार अवघडल्यासारखं झालं. मी उगाच अंगणातल्या क्रेटकडे बघत बसलो.

"ठावं हाय मला," दादा म्हणाले. "तुझं तोंड दिसत व्हतं तवा. बोटं गेली तवा माझ्या आधी तूच वरडला व्हतास." मग हातातला टोमॅटो खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आन् एवढ्यापायी नऊ वर्सं आला न्हाईस व्हय रं?"

दादांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "अगं, बबन आलाय. ह्याच्यासाठी भाकरी टाक."