अण्णांचा सॅमन आणि बोटांवरचं पंचांग

प्रसन्नचं चुकलं ते एअरपोर्टवरच. अलिबागहून आलेले सासरे, म्हणजे मोरेश्वरअण्णा, अजून ट्रॉली ढकलत होते, तेवढ्यात जावईबापूंनी छाती फुगवून सांगून टाकलं, "अण्णा, परत जायच्या आत तुम्हाला इथल्या नदीतला ताजा सॅमन खायला घालणार! तुमच्या हातांनी पकडलेला!"

झालं! त्या दिवसापासून अण्णांनी पोर्टलंडच्या दुकानातल्या माशाला तोंड लावलं नाही. "बर्फातलं प्रेत ते! मी थांबतो."

थांबणार कुठवर? इथे समुद्रातून नदीत मासे चढतात, मासेमारी खात्याचे लोक धरणातल्या काचेच्या खिडकीतून ते मोजतात, आणि पुरेसे चढले तरच गळ टाकायची परवानगी. त्या साली मासे जणू रुसले होते. सीझन मेमधून जूनवर गेला, जूनमधून जुलैवर. प्रसन्न ऑफिसला निघायच्या आधी आकडे बघायचा आणि अण्णा दारातच उभे!

"चढले का?"

"नाही, अण्णा."

बिचारा इतका दमला की स्वप्नातही मासेच मोजायला लागला. अण्णा तर कॉलिंग कार्डाची सगळी मिनिटं बायकोला माशांची खबर देण्यात उडवत.

आणि जुलैच्या मध्यावर सीझन उघडला! प्रसन्न नाचायचाच बाकी होता. अण्णांनी मात्र बोटं मोजली आणि मटकन खाली बसले.

"श्रावण लागला रे! दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येतो. पंचांग माझ्या बोटांवर आहे!"

घरातलं कॅलेंडर बँकेचं, त्यावर नुसते दीपस्तंभ. तिथी बघायची कुठे? पण लायसन्स काढलं होतं, बोट बुक केली होती. "पकडायला काय हरकत आहे?" म्हणत दोघं गेले. आणि अण्णांच्या गळाला लागला मांडीएवढा सॅमन! प्रसन्नच्या डोळ्यांत पाणीच आलं हो.

दारात अण्णांची लेक प्रतिमा कंबरेवर हात ठेवून उभी. "श्रावणात घरात मासा? फ्रीझरमध्येसुद्धा नाही!"

अण्णांचं विमान महिनाअखेरचं. ठेवून तरी कुणासाठी? मासा शेजारच्या बिलला दिला. त्याने तो संध्याकाळी अंगणात भाजला. कुंपणापलीकडून वास येत होता आणि अण्णा मान खाली घालून वरणभात कालवत होते. प्रसन्नला ते बघवेना.

पुढच्या रविवारी सासूबाईंचा फोन, स्पीकरवर. "आज आखाड तळला. कापण्या केल्या."

"श्रावणात कसला आखाड?" अण्णा खेकसले.

"अहो, श्रावणाला अजून अवकाश आहे! यंदा अधिक महिना नाही का पडला? तुम्हाला माशांशिवाय काही सुचेल तर ना!"

प्रसन्न कॉम्प्युटरकडे धावला. आज निघालं तर अजून जमेल! खात्याचं पान उघडलं. मासे कमी पडले म्हणून सीझन कालच बंद.

तो तिथेच खुर्चीत कोसळला. तेवढ्यात प्रतिमाची ट्यूब पेटली. "अण्णा, अधिक महिना झाला म्हणजे ह्यांचं जावयाचं वाणही राहिलं की!"

अण्णा ओशाळले. जवळ येऊन त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "जावईबापू, पुढच्या अधिकात चांदीचं ताट देतो. आता तो कधी येतो म्हणाल, तर..." आणि त्यांनी बोटं मोजायला घेतली.

प्रसन्नने उठून त्यांचे दोन्ही हात धरले.

"नको, अण्णा. तुम्ही मोजू नका."