नऊचा ताळा

चर्चमागच्या खोलीत गृहपाठाचा वर्ग भरायच्या आधी एर्सिलियाबाई फळा पुसायच्या आणि मग चष्मा. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपारी बोलायला ही सहावीची मुलंच होती. वर्ग फुकटचा होता. पण तो बंद पडला तर बाईंना दुपारी बोलायला कुणीच उरलं नसतं.

त्या दिवशी गणित होतं अठ्ठावन्न पेट्यांचं. प्रत्येक पेटीत त्र्याहत्तर संत्री. बाईंनी गुणाकार केला आणि फळ्यावर उत्तर लिहिलं, ४३२४.

"पण हे बरोबर आहे कशावरून?" नोएमीने विचारलं. ती कशावरच पटकन विश्वास ठेवत नसे.

बाईंना एकदम आपली शाळा आठवली. शाईने डागाळलेली बाकं, आणि प्रत्येक गुणाकाराखाली काढायची ती फुली.

"तुम्हाला नऊचा ताळा शिकवलाच नाही कुणी?"

त्यांनी फुली काढली. दोन्ही संख्यांतले आकडे एकच आकडा उरेपर्यंत मिळवत गेल्या आणि वरच्या दोन घरांत मांडले. त्यांचा गुणाकार खाली डावीकडे. उत्तराचे आकडे तसेच मिळवून खाली उजवीकडे.

"इकडे चार, तिकडे चार. जुळला. आमच्या मास्तरीणबाई म्हणायच्या, नऊ कधी खोटं बोलत नाही."

मुलांनी उत्तर फुलीसकट उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताच्या तरुण देबोराबाईंनी त्या सगळ्यांना शून्य दिलं. "सगळ्यांची एकच चूक? म्हणजे कॉपी."

"पण बाई, ताळा जुळलाय," नोएमी म्हणाली. घरी गेल्यावर तिने तेच आजोबांना सांगितलं.

कोसिमो आजोबा निवृत्त स्टेशनमास्तर. ते तडक चौकातल्या कॉफीच्या दुकानात गेले आणि त्यांनी कागदी रुमालावर फुली काढली. चार आणि चार. शेजारच्या म्हाताऱ्यांनीही आपापल्या रुमालावर फुली काढली. सगळीकडे चार. गुणाकार करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. ताळा जुळल्यावर गुणाकार कशाला?

"आमच्या वेळी या ताळ्यावर रेल्वे चालायची," आजोबा म्हणाले.

"म्हणूनच उशिरा यायची," दुकानदार म्हणाला.

रुमाल घेऊन सगळे शाळेवर गेले. देबोराबाईंनी ते रुमाल पाहिले आणि थेट चर्च गाठलं.

"बाई, देबोरा म्हणते, तुम्ही मुलांना चुकीचं शिकवता," फादर फाऊस्तोंनी येऊन सांगितलं. "तसं असेल तर वर्ग चालू ठेवणं अवघड आहे. म्हातारे म्हणतात, तुमचंच बरोबर. आता सगळे इकडेच निघालेत."

बाईंनी कागद घेतला आणि गुणाकार पुन्हा केला. ४२३४. फळ्यावर लिहिताना दोन आकड्यांची जागा बदलली होती. बेरीज तीच राहिली, आणि ताळा बिचारा जुळला.

बाहेर म्हाताऱ्यांचा आवाज चढत होता. त्यापुढे एकट्या देबोराचं कोण ऐकणार? नुसतं गप्प बसलं तरी वर्ग वाचत होता. बाईंनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

म्हातारे, मुलं आणि देबोराबाईंनी खोली भरल्यावर त्या उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. उत्तर चुकलंय. मुलांनी कॉपी केली नाही, माझं ऐकलं."



"बाई, घाबरू नका," कोसिमो आजोबा हळूच म्हणाले. "या देबोराने दमदाटी केली का तुम्हाला?"

"नाही हो. आकड्यांची अदलाबदल झाली, तर ताळ्याला ते कळत नाही."

"हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही."

"मलाही नाही. मला कळलं कॉलेजात. आणि तरीही काल फुली काढल्यावर मी सगळं विसरले."

आजोबा मुलांच्या बाकावर मटकन बसले. गुडघे हनुवटीपाशी आले. "म्हणजे मी आयुष्यभर जे हिशेब तपासले..."

"बरेचसे बरोबर असतील," बाई म्हणाल्या.

"बरेचसे," आजोबांनी परत म्हटलं. बाकीचे म्हातारेही बसायला बाक शोधू लागले.

"मुलांचं शून्य मी खोडते," देबोराबाई म्हणाल्या.

"आणि वर्ग?" फादरनी विचारलं.

देबोराबाईंनी खोलीभर नजर फिरवली. एकही बाक रिकामं नव्हतं. कोसिमो आजोबा खडू मागून घेऊन बाकावरच फुली काढायच्या बेतात होते. नोएमीने त्यांचा हात धरला.

"आजोबा, आधी गुणाकार."