निस्ताराची विहीर

शामरावकाकांच्या घरात दोन नळ होते, तरी पाणी प्यायला ते रोज दुपारी गावविहिरीवर जात. स्वतः दोर ओढत, गडवा भरत आणि शेवटच्या थेंबापर्यंत पीत.

"तहान नसली तरी प्या लागते, बाप्पा. विहीर निस्ताराची हाय, साऱ्या गावाच्या वापराची. वापर सुटला का मालक उगवते."

बोरगावच्या अलीकडच्या आमच्या गावचे ते जन्मभर कोटवार. दवंडी देऊन देऊन गळा असा तयार झालेला, की त्यांची कुजबुज सौंसरच्या बसस्टँडवर ऐकू जावी. गावात आलेला पाहुणा त्यांच्या तावडीतून सुटत नसे. माझ्या मेव्हण्याला त्यांनी पहिल्याच भेटीत तीन गडवे पाजले. "पावना हाय तं काय झालं? हजेरी लागली पायजे!" नागपूरला परतताना मेव्हण्यासाठी बस दोनदा थांबवावी लागली.

मग एका पाणीवाल्याने विहीर भाडेपट्ट्यावर मागितली. तो कॅन भरून विकणार, बदल्यात मंदिरापुढे फरश्या बसवणार.

ग्रामसभेत काका उठले. "उद्या आपलंच पाणी इकत घ्यान, तवा समजन!"

लोक हसले. सरपंच म्हणाले, "काकाजी, आता दोर कोण ओढून राहिलं? तुमच्याशिवाय?"

ठरावाच्या विरोधात एकच हात वर गेला. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. माझा हात मांडीवरच राहिला. खरं सांगायचं तर मला फरश्या आवडल्या होत्या.

विहिरीला तारेचं कुंपण आलं. काका दुसऱ्याच दिवशी गडवा घेऊन फाटकाशी गेले. चौकीदार म्हणून त्यांचा सख्खा पुतण्या होता. "मोठेबाबा, आत नाही सोडता येत," म्हणत त्याने पाण्याची बंद बाटली पुढे केली. काका ती न घेता परतले. पुन्हा तिकडे गेले नाहीत.

पाणीवाल्याची मोटर दिवसरात्र चालली. उन्हाळ्यात गावचे नळ आटले आणि घरोघरी कॅन आले. काका कुणाला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच मला सोसेना. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो.

"काका, तुमचंच खरं झालं. मी हात वर करायला हवा होता."

त्यांनी ओट्याखाली बोट दाखवलं. तिथे निळा कॅन होता.

"म्याही घेतला, बाप्पा. मराव का?"

मग ते इतक्या हळू बोलले, की मला पुढे वाकावं लागलं.

"पाण्याचं नाही रे एवढं. तुही काकू गेली तवापासून घरात बोलाले कोणी नाही. विहिरीवर ठसका लागला का तिथं गप्पा मारत बसलेल्या चार बाया म्हणत, काकाजी, सावकाश. आता लागते, अन् आपोआप थांबते."