दुखण्याची खातरजमा

टेलरमास्तरांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. एवढ्यावर त्यांना दुखत असेल, असं कुणीही मानलं असतं; पण रुग्णालयात मानण्यासाठी स्वतंत्र विभाग होता. डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिन लिहून दिलं आणि थोरल्या लेकीने वडिलांची चाकाची खुर्ची वेदना पडताळणी कक्षात ढकलत नेली.

"शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" कक्षातल्या साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी डोळे मिटून अंदाज घेतला. "सात धरा."

"आठच्या खाली देता येत नाही."

"अप्पा, आठ म्हणा की!" लेक कानाशी पुटपुटली.

"मापात खोटं बोललो असतो तर दुकान चाललं असतं का?"

तेवढ्यात कुणाचा तरी खुर्चीला धक्का लागला. मास्तर पांढरेफटक पडले, सदरा घामाने भिजला. पण तोंडातून हूं की चूं नाही.

"ओरडले नाहीत," साहेबांनी शेरा मारला. "मूक वेदना ग्राह्य धरण्याची तरतूद नाही."

"मी ओरडले तर?"

"नातेवाइकांच्या ओरडण्याचा कक्ष वेगळा. पलीकडच्या इमारतीत."

शेवटी डॉक्टरीणबाई स्वतः येऊन कडाकडा भांडल्या, तेव्हा प्रकरण समितीपुढे गेलं. समितीला काळजी होती ती सवयीची.

"पाच वर्षांनी हे व्यसनी निघाले तर जबाबदार कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाच वर्षं?" लेकीचा आवाज चिरकला. "साहेब, तेवढी वर्षं मिळतील असं लिहून द्या. मी म्हणाल तिथे सही करते."

अध्यक्ष चष्मा पुसू लागले. बराच वेळ पुसतच राहिले. मग औषध मिळालं.

त्या दुपारी मास्तर घोरले. ते घोरणं ऐकत लेक दाराआड उभी राहून पोटभर रडली. दुसऱ्या दिवशी ते उशीला टेकून बसले, दोन घास जेवले आणि तिच्या ब्लाउजकडे रोखून पाहत म्हणाले, "ही बाही कुठल्या गाढवाने बसवली?"

संध्याकाळी नातेवाईक भेटीला आले. मास्तरांना हसताना पाहून मामांना धक्काच बसला.

"भावोजी तर ठणठणीत दिसतायत! मग ते औषध कशाला? बंद करा बरं. माणसाने थोडं सोसावं. मन खंबीर होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लेकीने औषधाची बाटली तेवढी मामांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली.

निघताना मामा कपाळ चोळत दारात थबकले. "उन्हाने डोकं धरलंय गं. एखादी गोळी आहे का?"

चार पर्सच्या चेनी एकदम उघडल्या. मन खंबीर होऊ द्या, असं मामांना कुणीही म्हणालं नाही. तुम्हीही म्हणाला नसतात. तुम्ही पाणी आणायला उठला असतात.