जंतूंचा कोंडमारा

"दोन-दोन तास श्वास कोंडायचा म्हणजे काय, जीवच ना तेही," सरोजिनीताई नाकाला पदर लावून ओट्याशी पुटपुटल्या. खिडकीखालीच सोसायटीची सांडपाण्याची टाकी होती.

टाकी सांभाळणाऱ्या खंडेरावनेच त्यांना सांगितलं होतं, "ताई, यात फॉस्फरस खाणारे जंतू हायेत. आधी दोन तास हवा बंद ठेवायची. मग सोडली की लय हापसतात. कोंडल्याबिगर नाय खात."

दुसऱ्या दिवशी दुपारी हवा बंद ठेवून खंडेराव डबा खायला गेटवर गेला आणि ताईंनी टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं बटण दाबलं. तो परतायच्या आत बंद केलं. असं रोज, तीन आठवडे.

पाण्याचा रिपोर्ट आला. फॉस्फरस तिप्पट. बागेतलं तळं हिरवंगार झालं, दोन मासे उलटे तरंगले. खंडेरावला काढायचं ठरलं.

पार्किंगमध्ये मीटिंग भरली. चेअरमन ललित म्हणाला, "ताई, तुमची खिडकी तिथंच. दुपारी काही दिसलं का?"

"दुपारी मी पोथी वाचते," ताई म्हणाल्या. त्यांचे कान तापले.

ब्लोअरची ती दुपारची घुंई चारही मजल्यांवर ऐकू जात असे. पण निम्म्या सोसायटीच्या मुलांना ताईंनी फुकट संस्कृत शिकवलेलं. सगळे आपापल्या चपला बघत राहिले.

"साहेब, चूक माझीच. तसं लिहा," खंडेराव म्हणाला आणि पेन मागू लागला.

ताईंचे यजमान दिवाकरराव पुढे झाले. "खंडेराव, जेवून आल्यावर ब्लोअरला हात लावायचास ना? बंद असून गरम नाही लागला कधी?"

"लागायचा की."

"मग बोलला नाहीस?"

खंडेराव मान खाली घालून म्हणाला, "म्हातारं माणूस. चारचौघात कसं बोलायचं?"

हे 'म्हातारं' सरोजिनीताईंना फारच लागलं. पण खंडेरावच्या हातात आता ललितचं पेन होतं आणि तो सही कुठे करायची ते शोधत होता. त्या उठल्या.

"ठेव ते पेन. बटण मी दाबायचे." कोणीच चकित झालं नाही, हे बघून त्यांना जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निकिता, शेजारची सून, हळूच म्हणाली, "जाऊ दे ना काकू, जंतूंची दया आली तुम्हाला."

"कसली दया," ताई म्हणाल्या. "हवा बंद असली की घाण वास येतो. माझ्याकडे भिशीच्या बायका येतात."