पडद्यामागचं हं

बसमधल्या चव्वेचाळीस सीटा निघाल्या, त्यांच्या जागी पलंग आला, ओटा आला, घडीचं टेबल आलं; पण छताखालून जाणारी बेलची दोरी काढायला टाइमटेबल काही तयार होईनात. टाइमटेबल म्हणजे निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षांत त्यांनी गाडी मिनिटभरही उशिरा सोडली नाही, म्हणून डेपोने दिलेलं हे नाव घरापर्यंत येऊन चिकटलं होतं. त्यांच्या पाठोपाठ त्यांची बसही निवृत्त झाली, तेव्हा त्यांनी ती भंगारातून सोडवून आणली आणि अंगणात उभी केली. बायकोने खिडकीतून पाहिलं आणि एवढंच विचारलं, की इतकी वर्षं बाहेर होती ती सवत आता घरात नांदायला आणली का.

टाइमटेबलांचा बेत मोठा होता. या बसचं फिरतं घर करायचं आणि बायकोला घेऊन हिंडायचं. बेतात खोट नव्हती, फक्त उशीर झाला होता. या माणसाने अर्ध्या जगाला समुद्र दाखवून आणला होता. बायकोने मात्र तो कॅलेंडरवर पाहिला होता, आणि तेही महिना संपेपर्यंतच.

त्यामुळे कामात तिने फारसं लक्ष घातलं नाही. सुताराने पलंग स्वतःच्या उंचीचा केला, ती काही बोलली नाही. रंगाऱ्याने उजवी बाजू आकाशी रंगवली आणि डाव्या, दाराच्या बाजूला हात लावण्याआधी तो मेव्हणीच्या लग्नाला निघून गेला. तरी ती काही बोलली नाही. तिने एकच गोष्ट मागितली, ड्रायव्हरची जागा आणि घर यांच्यामध्ये जाडजूड पडदा. घरात बसून सारखी कुणाची पाठ बघायची नाही, म्हणाली. आणि एक अट घातली.

"लेकीच्या घरापर्यंत एक फेरी. नीट झाली तर पुढचं बघू. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय. मी सांगून ठेवलंय."

रविवारी सकाळी दोघं निघाली. म्हणजे निघणार होती. इंजिन सुरू झालं, पाच मिनिटं झाली, गाडी जागची हलेना. बायकोने पडद्याआडून विचारलं, काय बिघडलं. टाइमटेबल स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत म्हणाले, "डबल बेल नाही दिलीस." तिने कपाळाला हात लावला आणि त्याच हाताने दोरी दोनदा ओढली. गाडी निघाली.

तासाभराने ओट्यावरचा नळ कोरडा असल्याचं तिच्या लक्षात आलं. टाकी बसवताना टाइमटेबलांनी तिची जागा चार वेळा बदलली होती. पाणी भरायचं तेवढं राहिलं होतं. तिने एक बेल दिली. टाइमटेबलांनी गाडी अशी उभी केली, की दार बरोबर बसथांब्याच्या खांबासमोर आलं. यात त्यांच्या डोक्याचा संबंध नव्हता, सगळं पायातच होतं. समोरच्या दुकानातून कॅन भरून आणते, असं काहीतरी पुटपुटत ती उतरली. तिने तोंडातल्या तोंडात पाण्याच्या टाकीचा आणि तिच्या मालकाचा उद्धार केला, तो टाइमटेबलांनी इंजिनाच्या आवाजात ऐकू न आल्यासारखा केला.

थोड्या वेळाने दार आपटलं. दोन बेल झाल्या. गाडी निघाली.

मागे शांतता होती. टाइमटेबलांना ही शांतता ओळखीची होती. घरात ती पसरली की ते ड्युटीवर जात असत. आता जायला ड्युटी नव्हती, आणि डोळ्यांसमोर सोमवार दिसत होता. चालवताना फोन बंद ठेवायचा आणि मागे वळून बघायचं नाही, हे त्यांचे दोन नियम. त्यातल्या दुसऱ्याचा आज फायदा झाला. समोर रस्ता, मागे पडदा. तोंड बघायचं नसलं की माणसाला बोलता येतं.

"अगं, चुकलंच माझं," ते म्हणाले.

समोरच्या बैलगाडीला त्यांनी हॉर्न दिला.

"टाकीचं म्हणत नाही. एकूणच. सगळ्यांना फिरवलं, तुला तेवढं नाही."

"हं," असं मागून आलं.

टाइमटेबलांना धीर आला. सुरुवातीला लग्नानंतरची गोष्ट निघाली. तिला सायकल शिकायची होती आणि ते हसले होते. नंतर तिने सायकलचं नाव काढलं नाही, आणि आपण हसलो नसतो तर बरं झालं असतं, हे त्यांना गेली तीस वर्षं अधूनमधून वाटत होतं. पुढे लेकीच्या जन्माची गोष्ट आली. बदली ड्रायव्हर मिळत नव्हता हे खरं, पण तो मागितलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोहोचल्यावर त्यांनी आधी गाडी किती वेळेत आणली ते सांगितलं होतं.

"हं," मागून आलं. या वेळचं हं जरा लांब होतं.

हायवेने गेलं असतं तर तासभर वाचला असता, पण टाइमटेबलांचे पाय जुन्या रूटनेच गेले, गावागावांतून. तेही बरंच झालं, कारण सांगण्यासारखं बरंच निघत गेलं. शेवटी चढ लागला, म्हणून त्यांनी बोलणं थांबवून गिअर बदलला.

"सोडून द्या आता," मागून आलं. "माणूस आहे, चुकतो."

आवाज घोगरा वाटला. रडली असावी, टाइमटेबलांनी ताडलं, आणि चढ संपेपर्यंत त्यांनाही समोरचं अंधुक दिसलं.

गाडी लेकीच्या दारात ठरल्या वेळी लागली. लेक बाहेर आली. टाइमटेबल खाली उतरून हळूच तिला म्हणाले, "आई मागे आहे. जरा हळवी झालीय. लगेच काही बोलू नकोस."

लेकीने वळून घरात पाहिलं. घरातून तिची आई चहाचा कप घेऊन बाहेर आली.

"कोण हळवी झालीय?" तिने विचारलं.

टाइमटेबलांनी तिच्याकडे पाहिलं, मग बसकडे पाहिलं. थांब्यावर कॅन घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला मागून आलेली हायवेची गाडी मिळाली होती, पर्स कमरेला होती, आणि ती पाऊणएक तासापूर्वीच पोहोचून अंघोळ उरकून बसली होती. हे लेकीने सांगेपर्यंत बसचं दार उघडलं आणि छत्री टेकत एक आजी उतरल्या.

"कंडक्टर कुठे गेला?" त्या म्हणाल्या. "माझं तिकीट राहिलं. आणि माझा थांबा तीन गावं मागे गेला."

"आजी, ही गाडी नाही, घर आहे," लेक म्हणाली.

"या बाजूने तर गाडीच दिसते. आत पलंग दिसला, म्हटलं सोयी वाढवल्या असतील. कंडक्टर दिसेना, म्हणून बेल मीच दिली." आजींनी टाइमटेबलांकडे बोट दाखवलं. "तेवढ्यात हे माफी मागायला लागले. म्हटलं बरोबर आहे, या गाडीने जन्मभर उभ्याने प्रवास केलाय, कधीतरी मागायलाच हवी होती. मग लेकीचा जन्म निघाला तेव्हा कळलं, हे माझ्यासाठी नाही."

"मग थांबवायची ना गाडी," टाइमटेबल कसेबसे म्हणाले.

"एवढा माणूस पहिल्यांदा बोलत होता. मध्येच बेल कशी देणार?"

बायको कप हातात धरून तशीच उभी होती. चहा गार होत होता. "काय काय म्हणाले?" तिने आजींना विचारलं.

"पुष्कळ. मी शेवटी म्हटलं, सोडून द्या."

"तुम्ही दिलंत. मी नाही अजून."

आजींना परत सोडणं भागच होतं. बायकोने कप लेकीच्या हातात दिला आणि बसमध्ये चढली. टाइमटेबल पडदा बाजूला करायला गेले, तर तिने तो पुन्हा ओढून घेतला. राहू दे, म्हणाली. मग तिने खिडकीतून लेकीला हाक मारली.

"भंगारवाल्याला फोन कर. म्हणावं, उद्या येऊ नको. ह्यांचं उद्यापर्यंत आटपेलसं वाटत नाही."

टाइमटेबल आपल्या जागी बसले. समोर रस्ता, मागे पडदा. डबल बेल झाली. गाडी गल्लीबाहेर पडली.

"हं," मागून आलं. या वेळी आवाज ओळखीचा होता.

टाइमटेबलांनी घसा साफ केला. "तर, लेक झाली त्या दिवशी..."

"त्याआधी सायकल होती," आजी म्हणाल्या.