अननसाची भाऊबंदकी

पुतणीला प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि पन्नाशी उलटलेल्या मला तिनेच मुळाक्षरं गिरवायला लावली, त्या वर्षीची ही गोष्ट. तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या दादाचं, पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "मऊ काहीही द्या." घरात नुसतं पातळ सूप चाललं होतं. शेवटी दादाने वाटी ढकलली.

"चमच्यावर उभं राहील असं काही आणा, नाहीतर मी जेवत नाही!"

वहिनीचा जीव टांगणीला लागला. मी छाती पुढे काढली. "वहिनी, कारखान्याच्या कँटीनमध्ये माझी हयात गेली! दादाला अननस आवडतो ना? अननसाची जेली करतो. चमच्यावर उभी राहील, वर सलामही ठोकेल!"

बाजारातून जेलीची पुडी आणली, ताजा अननस चिरून भरपूर घातला. संध्याकाळी फ्रीज उघडला, तर भांड्यात तळं! अननसाच्या फोडी म्हशींसारख्या निवांत डुंबत होत्या.

"फ्रीज बिघडलाय!" मी ठणकावलं.

मेकॅनिक आला, आत हात घालून म्हणाला, "फ्रीज ठणठणीत आहे, काका. बाकीचं तुम्ही बघा."

मग मी जेलीच्या पुडीवर खापर फोडलं. दुकानदाराशी असा भांडलो की रस्ताभर माणसं जमली. त्याने त्याच पुडीची, बायकोने केलेली जेली समोर ठेवली. बोट लावलं तर बोटालाच ढकलून देणारी! मान खाली घालून दुप्पट पुड्या घेतल्या. पुन्हा जेली, पुन्हा तळं! इकडे दादाच्या पोटात पाण्याशिवाय काही नाही, आणि वहिनी माझ्याकडे बघते अशी, जणू ते ऑपरेशन मीच केलं होतं.

पुतणी कामावरून आली आणि तिने कपाळावर हात मारला. "काका, ताज्या अननसात एन्झाइम असतं!"

"इंजिन?"

"एन्झाइम! बहुतेक एन्झाइम म्हणजे प्रथिनंच. जेली घट्ट करणारं पुडीतलं जिलेटिनही प्रथिनच. आणि हे प्रथिन त्या प्रथिनाचे तुकडे करतं."

"म्हणजे भाऊबंदकी!"

"तसंच समजा."

"मग एकच फोड घालतो. भांडून भांडून दमेल बिचारी!"

"ते दमत नाही, काका. ते उत्प्रेरक आहे. एरवी रखडणारं काम चुटकीसरशी उरकतं, स्वतः खर्ची पडत नाही, आणि पुढच्या कामाला मोकळं!"

"अगं, मग ही तर तुझी आत्या! एका घरात काडी लावून ताजीतवानी दुसऱ्या घरी!"

आत्या, म्हणजे माझी सख्खी बहीण, नेमकी दारात उभी होती. पुढचं गाळतो.

"अननस आधी उकळा," पुतणी घाईघाईने म्हणाली. "उष्णतेने एन्झाइमची घडी मोडते. मग ते काही कापत नाही."

उकळला. आणि जेली घट्ट झाली! आनंदाच्या भरात मी वर एक फोड ठेवली. शोभेला. ताजी! आणि बहिणीची समजूत काढायला गेलो. तिची समजूत काढायची म्हणजे दुपार गेलीच.

परतलो, तर जेलीच्या मधोमध विहीर! आणि दादा चमचा घेऊन वाट बघत बसलेला.

त्याने आत डोकावलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पोटावरचे टाके धरून हसायला लागला. "चमचा राहू दे. पेला आण! एवढी मारामारी झालीय, तर पिऊनच टाकतो."

सगळं भांडं संपवलं त्याने! वहिनी रडली, मग तिने मला स्वयंपाकघरातून हाकललं.

दादा गेला तो बऱ्याच वर्षांनी, पुतणीला मुलगी झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, झोपेत. जेलीने नव्हे! डॉक्टरांना मी दोनदा विचारून घेतलं.